येथे ट्रबल वाढवून मिळेल

माझा आवाज कर्कश आहे. मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. तासगावला आमच्या गल्लीत मला शिट्टी म्हणायचे. कॉलेजात गॅदरिंगच्या नाटकात मला नेहमी पडद्यामागचं काम द्यायचे, आणि तिथंही तोंड बंद ठेवायच्या अटीवर. अशा बाईला जव्हारमध्ये निव्वळ आवाजावर भाड्याची खोली मिळाली, यावर माझ्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर माझी नेमणूक झाली होती. "एकटी बाई? नको बाबा," हे तीन दारांत ऐकून मी चौथ्या दारात उभी होते. समोर सत्तरीचा एक किडकिडीत म्हातारा. सुतार कानामागं पेन्सिल खोचतो तसा ह्यानं स्क्रूड्रायव्हर खोचलेला. त्यानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. म्हणाला, "म्हणा, सशानं सोसानं शिळ्या शेंगा सोलल्या."

"काय?"

"म्हणा तर."

मला वाटलं, वेड्याच्या घरी आले. पण पाय इतके दुखत होते की म्हणून टाकलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला आणि मग आतल्या बाजूला वळून ओरडला, "अगं, ये इकडं! एकेक स वेचून घ्यावा असा आहे!" मला म्हणाला, "बाई, तुमच्यात ट्रेबल भरपूर आहे. सामान आणा."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आवाजाचं कुणी कौतुक केलं होतं. मी भाडंसुद्धा न विचारता सामान आणायला गेले.

त्यांना मी काका म्हणायची. काकांचं म्हणणं असं, की आवाजाचे दोन भाग. खालचा जाड तो बास आणि वरचा बारीक तो ट्रेबल. "बास म्हणजे माणसाचं पोट, बाई. ट्रेबल म्हणजे नाक-डोळे. आता नुसतं पोट दाखवून कुणी सांगेल का, हा कोण ते?" लग्नाची वरात डीजे लावून रस्त्यानं निघाली की ते खिडक्या लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "चाललं पोट. नाकाचा पत्ता नाही."

पुढच्या खोलीत त्यांचा ज्यूकबॉक्स उभा होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. छातीइतक्या उंचीचं धूड, पुढं काच, काचेमागं लहान रेकॉर्डींची चवड. नाणं टाकून दोन बटणं दाबायची, की आतला लोखंडी हात खर्रकन हलतो, हवी ती रेकॉर्ड उचलतो आणि वाजवतो. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याला सरळ कपाट असं नाव ठेवलं होतं. तरुणपणी काका मुंबईत हॉटेलाहॉटेलांतनं ही यंत्रं दुरुस्त करत हिंडायचे. पुढं त्या यंत्रांचे दिवस संपले, एका हॉटेलवाल्यानं हे धूड भंगारात काढलं, आणि काकांनी ते भाजीच्या परतीच्या टेम्पोत घालून विक्रमगडवरनं वर आणलं. घाटातल्या प्रत्येक वळणाला ते मागं उभे राहून त्याला दोन्ही हातांनी कवटाळून होते म्हणे. काकू म्हणायच्या, "मला लग्नात एवढं नाय धरलं."

एवढं करून आणलेलं ते यंत्र गायचं कसं, तर तोंडावर घोंगडी घेतल्यासारखं. सगळी गाणी पोटातनं. त्याचं ट्रेबल वाढवायचं, हा काकांचा जन्माचा उद्योग होता. पोटापाण्यासाठी ते जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर, देवळातले भोंगे दुरुस्त करायचे. त्यासाठी त्यांनी दारावर पाटी करून घेतली. पाटीवर 'येथे ट्रेबल वाढवून मिळेल' असं लिहायचं होतं. खोडाळ्याच्या बाजारातला पेंटर हुशार. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे, आपण सुधारून देऊ. त्यानं लिहिलं, 'येथे ट्रबल वाढवून मिळेल.'

काका पेंटरवर चिडले, पण पाटी काढली नाही, कारण गिऱ्हाईक वाढलं. लोक मुद्दाम थांबून विचारायचे. मोखाड्याकडचा एक गडी तर आत येऊन खरंच म्हणाला, "माझ्या सासऱ्याचा वाढवायचाय, किती दिवस लागतील?" काकांनी त्याला बसवून चहा पाजला आणि त्याचा बिघडलेला रेडिओ मागवून घेतला. असा हा धंदा चालायचा.

तर ट्रेबल वाढवायचं म्हणजे काय करायचं? मला चार वर्षांत कळलं ते एवढंच, की काहीही करायचं. यंत्रातल्या मोठ्या स्पीकरला काका म्हैस म्हणायचे आणि वरच्या बारीक आवाजासाठी लावलेल्या छोट्या स्पीकरला चिमणी. "म्हैस बसलीय चिमणीवर," असं म्हणत सकाळी काम सुरू व्हायचं. आतले मेणकागदी कंडेन्सर बदलून झाले. रेकॉर्डी रिठ्याच्या पाण्यानं धुऊन, बाळाला पुसावं तशा पुसून झाल्या. चिमणी आधी वर लावली, मग खाली, मग तिरकी. "बारीक आवाज सरळ रेषेत जातो बाई, वाकत नाही. आमच्या हिच्यासारखा." आतनं काकू म्हणायच्या, "वाकले असते तर इथं नांदले नसते."

आमच्याकडचा पावसाळा तर ह्या कामाचा वैरीच. चार महिने भिंतींना पाणी सुटायचं, म्हशीचा कागद दमट व्हायचा. म्हणून काका जूनपासून यंत्राच्या पोटात साठचा पिवळा बल्ब दिवसरात्र जळत ठेवायचे. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी ते घरभर नाचत सुटले. बारीक, काचेसारखा स्वच्छ आवाज येत होता, तोही गाणं न लावता! शेजारचे दोघं बोलावले, मला दात घासता घासता ओढून आणलं. "ऐका! हवेतलं ट्रेबल पकडतंय!" मग काकू आल्या, यंत्राच्या मागचं झाकण उघडलं आणि कोंबडीची सहा पिल्लं ओच्यात घेतली. दिवा जळतोय, ऊब आहे, फुकट कशाला घालवा, म्हणून त्यांनीच रात्री तिथं ठेवली होती. काकांनी दिवसभर यंत्राला हात लावला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पण क्वालिटी बघितलीत?"

हे सगळं ऐकून वाटेल, हौशी माणूस, चाललंय. मलाही तसंच वाटायचं. पण ह्या खटाटोपाच्या मुळाशी नवरा-बायकोचं एक भांडण होतं, तेही लग्नाच्या आधीपासूनचं.

काकू सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या. त्या तेरा-चौदा वर्षांच्या असताना मुंबईहून कुणी रेकॉर्डवाले गाडी घेऊन खोडाळ्याला आले होते. डोंगरातली गाणी टिपून घेणार म्हणून पाड्यावरच्या बायका शाळेच्या खोलीत गोळा केल्या आणि नागली, म्हणजे नाचणी, लावतानाचं गाणं घेतलं. काकू पाण्याची कळशी घेऊन मोठ्या बायकांबरोबर गेल्या होत्या. गाणं सुरू व्हायच्या वेळी त्यांच्या मावसबहिणीनं हात धरून त्यांना रांगेत ओढलं. रेकॉर्डवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "पोरी, तू मागं जा, खिडकीपाशी." तिथनं त्या गायल्या. पुढं ती रेकॉर्ड निघाली, मुंबईच्या हॉटेलांतनं फिरली, पुढं कुणी लावेनासं झालं म्हणून परत आली आणि काकांच्या हाती लागली. गावाकडचं गाणं म्हणून त्यांनी जपून ठेवली. सुट्टीत सूर्यमाळला मुलगी बघायला गेले तेव्हा ऐट दाखवायला ती रेकॉर्ड आणि उसना प्लेयर बरोबर नेला.

मुलगी म्हणाली, "ह्यात मी हाय."

मुलानं रेकॉर्ड लावली, दोनदा ऐकली, मधला कागदी शिक्का वाचला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "ह्यात तू नाहीस. इथं छापलंय, सहा स्त्रिया."

"सात व्हतो."

"छापलेलं खोटं असतं का?"

एवढ्यावर लग्न मोडायला हवं होतं. पण काकू म्हणाल्या, "म्या म्हटलं, ह्याच्याशीच करीन आणि ह्यालाच ऐकवीन." आणि त्या दिवसापासून हा वाद त्या घरात चुलीसारखा रोज पेटत होता. भाजीत मीठ जास्त झालं तरी "सहा" आणि पाणी भरून झालं नाही तरी "सात". मावसबहीण भेटायला आली की काकू तिला साक्षीला उभी करायच्या. काका म्हणायचे, "साक्षीदार फुटलेला आहे. रक्ताचं नातं."

"मग लावा की रेकॉर्ड पुन्हा," मी एकदा वैतागून म्हटलं. तेव्हा काकांनी मला ह्या धंद्यातली खरी मेख सांगितली. जुन्या यंत्राचा हात जड. सुई रेकॉर्डवरनं फिरते ती तासतच फिरते. आणि तासलं काय जातं आधी? पोट नाही, नाक-डोळे! दर वेळी वाजवली की रेकॉर्डमधलं थोडं ट्रेबल कायमचं जातं. ह्या रेकॉर्डची जोडी दुसरीकडे कुठं मिळाली नव्हती. हॉटेलांत ती थोडी झिजलेलीच होती. आणखी चार-सहा वेळा वाजवली की त्यात खिडकीपाशी कुणी असलीच, तर ती पुसून जाणार. "म्हणून आधी यंत्र तयार पाहिजे. मग एकदाच. कायमचा निकाल."

"हरायची भीती वाटतीय त्याला," काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "म्हातारी केली मला, अजून यंत्र तयार व्हतंय."

मला त्यांचं पटायचं. सहा बायकांची नावं कुठं छापली नव्हती, नुसता आकडा छापला होता, आणि त्या आकड्यातसुद्धा ही बाई नव्हती. मीही मग कामाला लागले. फार्मसी कॉलेजातला माझा जुना नाजूक तराजू ट्रंकेत होता, तो काढला. आम्ही दोघांनी सुईचा भार मोजून, मागच्या बाजूला वजनं बांधून बांधून तो निम्म्याच्या खाली आणला. त्या रात्री काकांनी मला स्वतःच्या हातानं नाचणीची भाकरी वाढली, म्हणजे पदवीदान समारंभच झाला.

संध्याकाळी मी दवाखान्यातनं आले की काका हाक मारायचे, "बाई, जरा उभ्या राहा." मी यंत्रासमोर उभी राहायची, ते मागच्या बाजूनं स्क्रू पिळत, कुठली तरी कामचलाऊ रेकॉर्ड लावत. कसं वाटतंय, असं त्यांनी कधी विचारलं नाही. नुसते मान बाहेर काढून माझ्या तोंडाकडं बघायचे आणि पुन्हा आत जायचे. मला वाटायचं, माणूस तऱ्हेवाईक, असेल काही पद्धत. कधी कधी ट्रेबल इतकं चढायचं की दातात कळ यायची आणि रस्त्यावरची कुत्री ओरडायला लागायची. काका मात्र निवांत.

तिसऱ्या पावसाळ्यात काकूंनी पुन्हा यंत्रामागं पिल्लं ठेवली. काका शेजारी बसून चहा पीत होते आणि मला म्हणाले, "ह्या वेळची पिल्लं मुकी निघाली बघा." पिल्लं तर घर डोक्यावर घेत होती. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी काकूंकडं. काय बोलणार? हलवायाला सांगायचं का, की तुझ्या जिभेची चव गेली?

गेल्या हिवाळ्यात सूर्यमाळहून निरोप आला, मावसबहीण गेली. काकू एसटीनं गेल्या, दहावं करून परत आल्या. दुपारची वेळ होती, मला सुट्टी होती. त्यांनी पाय धुतले, पिशवी ठेवली आणि काकांपुढं उभ्या राहिल्या.

"आता इचारायला कोण नाय उरलं. मी एकलीच हाय. लाव ती."

काका म्हणाले, "अजून चिमणी थोडी..."

"लाव. मेल्यावर लावशील का?"

काकांनी व्होल्टेज बघितलं. रेकॉर्ड पाकिटातनं काढली, फुंकली, जागेवर बसवली आणि बटणं दाबली. आतल्या लोखंडी हातानं रेकॉर्ड उचलली. आधी नुसती खरखर, मग गाणं.

आई शप्पथ सांगते, असा आवाज त्या यंत्रातनं कधी आला नव्हता. घोंगडी गेली होती. शाळेची खोली दिसायला लागली. एकीच्या बांगड्या, एकीचा दम लागलेला श्वास, बाहेर कुठं तरी कावळा. सहा बायकांचे सहा आवाज सुटे सुटे, बोटं दाखवून मोजता येतील असे. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. सातवी नव्हती. काकूंच्या हातात पदराचा पीळ झाला होता.

तिसऱ्या कडव्याला ती आली. लांबून, खिडकीकडनं, सुईच्या टोकासारखा एक पोरीचा आवाज, आणि तोही बाकीच्यांच्या थोडा आधीच! थांबवत नव्हतं तिला. सगळ्याजणी श्वास घेतायत आणि ही कार्टी उडी मारून पुढं. काकूच त्या, दुसरं कोण? प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी ती बाई तेव्हापासूनच तशी होती. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. मला हसू आवरेना, काकूंनाही.

गाणं संपलं. हात रेकॉर्ड परत ठेवायला गेला. काका आमच्याकडं बघत उभे होते, मान थोडी पुढं करून. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. परीक्षेचा निकाल वाचता न येणाऱ्या बापासारखा.

"काय?" ते म्हणाले. "आहेस का तू?"

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. लग्नाआधीपासून ज्या एका शब्दासाठी ही बाई भांडत आली होती, तो तिच्या ओठावर होता. तिनं 'हाय' म्हटलं असतं की संपलं, ती जिंकली. पण मग हेही उघड झालं असतं, की समोर गायलेली ती काकांना ऐकू आली नाही. ज्याला तीन घरं पलीकडच्या पंख्याचा सैल स्क्रू ऐकू यायचा, त्याला.

"नाय," काकू म्हणाल्या. "तुझंच खरं. मी नाय त्यात."

काका माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा."

मी खिडकीवर रोज शंभर माणसांना खरं ते सांगते, हे जेवणाआधी, हे जेवणानंतर. त्या दिवशी मी म्हटलं, "सहाच वाटल्या मला, काका."

काकांनी कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढून यंत्रावर ठेवला.

"खोटारड्या आहात दोघी," ते म्हणाले. "तिसऱ्या कडव्याला दोघी एकदम हसलात. एकाच वेळी. पुढच्या ओळीला परत. तिथंच आहे ती."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"दोन पावसाळे झाले, वरचं काही ऐकू येत नाही मला," काका म्हणाले. "हे यंत्र मी बाईंच्या तोंडाकडं बघून लावलंय. तोंड वाकडं केलं की जास्त झालं. नाक मुरडलं की कमी." मग बायकोला म्हणाले, "सात. सातच होतात तुम्ही. माझं चुकलं."

मला रडू यायला लागलं आणि रागही आला, दोन वर्षं मला मीटर म्हणून वापरलं म्हणून. काकू आधी रडल्या, मग हसल्या, मग एकदम भांडायलाच लागल्या. "आन् मला सांगितलं नाय? मी काय मेले व्हते? पिल्लांच्या टायमालाच कळलं व्हतं मला!"

काका ऐकत नव्हते. त्यांनी पुन्हा बटणं दाबली.

"आता कशाला?" काकू म्हणाल्या. "झिजंल ना ती!"

"झिजू दे."

आतला हात खर्रकन हलला. काका यंत्राकडं पाठ करून काकूंच्या समोर फरशीवर मांडी घालून बसले.

"तू ऐक," म्हणाले. "मी बघतो."